कमलाक्काच्या तोंडावरचं ऊन

कमलाक्काचं नाव आधी लिहिते, बाकीचं मागून. माझ्या मावशीची ही लेक. त्या दिवशी तिनं तोंड उघडलं नसतं, तर मी आज सुरतेत मुलाच्या घरी पंख्याखाली बसून हे लिहीत नसते. मी सहावीत शाळा सुटलेली बाई. जोडाक्षर अडलं की सुनेला हाक मारते. लिहायला बसण्याआधी मुलाला दोनदा विचारून घेतलं, की यातून कुणाला काही त्रास होणार नाही ना? तो हसला. म्हणाला, "आई, ते सरकार गेलं, ती माणसं गेली, ते टॉकीजसुद्धा पाडलं. आता कोण येणारंय तुला न्यायला?" त्याचं खरं आहे. पण दारात अनोळखी चप्पल दिसली की अजून मी मागच्या खोलीत जाऊन बसते, त्याला मी काय करू? म्हणून जिचे उपकार तिचं नाव पहिल्या ओळीत घालून ठेवलं. पुढं लिहिता लिहिता मी तिच्याबद्दल वाकडं बोलणार, हे मला आत्ताच कळतंय. मला तिचा हेवा वाटायचा. वाटायचा कशाला, अजून वाटतो.

बार्शीकडच्या आमच्या खेड्यातून वडिलांनी मला सोलापुरात मावशीकडे आणून सोडलं, तेव्हा माझ्या शाळेचा विषय त्यांनी एसटीतच संपवून टाकला होता. घरी पाठच्या बहिणी होत्या, खाणारी तोंडं होती, जास्त बोलण्यासारखं काही नव्हतं. मावशीच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत ती विड्या वळायची, मागं चूल. पहाटे गिरणीचा भोंगा व्हायचा, मग शेजारच्या तेलुगू घरांतले माग खटखट सुरू व्हायचे, मग नळावरची भांडणं, आणि दिवसभर माझ्या हातातली कात्री. मी पानं कातरून द्यायची, मावशी त्यात तंबाखू भरून वळायची. घरभर तो वास. सुरुवातीला मला नुसत्या शिंका यायच्या, पुढं पुढं गावी गेले की त्या वासाशिवाय करमेना. जेवायला कडक भाकरी, शेंगाची चटणी, असलं तर दही. मावशी वाढताना कधी भेद करायची नाही, हे मी शपथेवर सांगते. जेवढी चटणी कमलाक्काच्या ताटात, तेवढीच माझ्या. पण वाढताना ती बघायची कमलाक्काकडे. माझ्या ताटात वाढतानाही तिची नजर लेकीच्या तोंडावर असायची, की हिला तिखट लागलं का, हिला अजून हवं का. मी ते बघायची आणि माझा घास तोंडात फिरत राहायचा.

कमलाक्का काही फार गोरी नव्हती. पण तिचं तोंड असं होतं की गल्लीतून जाणारा माणूस आपण कुठं निघालो होतो ते विसरायचा. मॅट्रिक पास झालेली. लांब वेणी. शिवाय कुर्डुवाडीला रेल्वेच्या कारखान्यात कामाला असलेला मुलगा तिला ठरला होता. तो एकदाच घरी आला, खाली मान घालून जेवला आणि जाताना उंबऱ्याला अडखळला. त्या अडखळण्यावर कमलाक्का पुढं कित्येक दिवस एकटीच हसायची. मला वाटायचं, माझ्यासाठी कुणी कधी अडखळेल का? त्यात ती स्वभावानं चांगली. तिचा जुना परकर मला द्यायची, माझ्या केसातल्या उवा काढायची, सिनेमाच्या जाहिरातीवरची अक्षरं बोट ठेवून वाचून दाखवायची. ती जरा दुष्ट असती तर मला किती सोपं गेलं असतं.

सिनेमा हा आमच्या घरातला एकुलता एक सण होता. मावशी अधूनमधून दुपारच्या खेळाला न्यायची. बायकांची बसायची जागा वेगळी, तिथं लेकरं, शेंगांची टरफलं, गळ्यात गळे. मूळ सिनेमाच्या आधी सरकारचं न्यूजचं रीळ लागायचं, म्हणजे धरणं, उद्घाटनं, गहू, पूर, पाहुणे. ते कुणीच बघायचं नाही. "न्यूज चाललीय की अजून, दम खा," असं म्हणत माणसं बाहेर विडी ओढत उभी राहायची. मग एका वर्षी काहीतरी बदललं. डोअरकीपर न्यूज लागायच्या आधीच सगळ्यांना आत ढकलून दार लावू लागला. सिनेमातली मारामारी ऐन रंगात आली की पडदा उडी मारायचा आणि मार खाणारा एकदम दवाखान्यात दिसायचा. रेडिओवर एका गायकाची गाणी लागेनाशी झाली, कमलाक्का बटण फिरवून थकली. काका, म्हणजे मावशीचे यजमान, गिरणीत युनियनच्या सभेत बोलायचे, ते घरातसुद्धा हळू बोलू लागले. आणीबाणी हा शब्द मला पुष्कळ नंतर कळला. आमच्या गल्लीत म्हणायचे, "त्यो कायदा आलाय."

अशात एक दिवस गल्लीतल्या घरांना चुना मारून गेले. फक्त पुढच्या भिंतींना. आणि मग मुंबईहून सरकारी शूटिंगवाले आले, बरोबर आमच्या वॉर्डाचे साहेब. शूटिंगवाल्यांतला जो मुख्य होता तो सावलीतही गॉगल काढत नव्हता. साहेब मावशीला म्हणाले, "मावशी, सुखी कुटुंब पायजे. नवरा, बायको, दोन लेकरं. बास."

"दोनवर थांबलेलं घर आमच्या गल्लीत न्हाय साहेब," मावशी म्हणाली. "चार हायत, पाच हायत. पलीकडं इंदूकडं सात हायत. कुटलं देऊ?"

गॉगलवाला हसला, साहेब हसले नाहीत. नसेल तर तयार करू, असं ठरलं. आम्ही दोघी दारात उभ्या होतो, मी पुढं, कमलाक्का मागं. गॉगलवाल्यानं बोट केलं. एका क्षणापुरतं मला वाटलं माझ्याकडंच केलं. मी पाऊलही टाकलं होतं. बोट माझ्या कानावरून मागं गेलं होतं. "ही," तो म्हणाला. एवढंच. माझ्या कानाची पाळी तेव्हा जी तापली ती हे लिहिताना परत तापली आहे, हसू नका.

विड्यांचं सूप पडद्यावर बरं दिसेना, म्हणून ते आत ठेवायला लावलं आणि शिलाई मशीन शोधायला माणूस पाठवला. मशीन गल्लीत एकच, अंबादास शिंप्याचं. तो म्हणाला, "माझं मशीन एकटं न्हाय जात कुटं," आणि मशीनबरोबर आला, केस विंचरून. गॉगलवाल्यानं त्याला वरखाली बघितलं आणि म्हटलं, "मग नवरा तुम्हीच व्हा." अंबादासला चार मुलं होती. त्याची बायको नळावरून ओरडली, "न्या की, माझा नवरा न्या! पर सांच्याला माघारी लावा, घरात दळण पडलंय!" सगळी गल्ली हसली. लेकरं इंदूबाईच्या सातांतली दोन उचलली, एक मुलगा, एक मुलगी, नाकं पुसून.

मग कमलाक्काच्या गळ्यात मंगळसूत्र हवं झालं. तिथं मावशी अडली. "कुवार पोरगी हाय साहेब. लगीन ठरलंय तिचं."

"शूटिंग हाय वो. खोटं खोटं."

"खोटं असलं म्हणून काय झालं?"

साहेबांनी आवाज चढवला नाही. भिंतीवरच्या काकांच्या फोटोकडे बघत म्हणाले, "तुमचे मालक गिरणीत हायत न्हवं? युनियनचे?" मावशी आत गेली. तिनं स्वतःच्या गळ्यातलं काढलं, त्यातल्या सोन्याच्या वाट्या सोडवून पदराला गाठ मारली, आणि नुसती काळी पोत लेकीच्या गळ्यात घातली. माझ्या कानाशी लागून म्हणाली, "वाट्या न्हाईत म्हंजे त्ये मंगळसूत्रच न्हवं. कळलं का?" आपण सरकारला फसवलं, असं तिच्या तोंडावर होतं.

आणि मला काम मिळालं. चांदीचा कागद चिकटवलेली एक मोठी फळी माझ्या हातात दिली. "ए पोरी, यावर ऊन पकड आणि तिच्या तोंडावर सोड." दुपारभर मी ती फळी धरून उभी होते. मशीनपाशी बसलेली कमलाक्का, तिच्या खांद्याशी अंबादास, पायाशी दोन लेकरं, आणि तिच्या गालावर मी सोडलेलं ऊन. माझे हात भरून आले. एकदा मी मुद्दाम फळी जराशी वाकडी केली. लगेच गॉगलवाला ओरडला, "अरे ऊन कुठं गेलं?" सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. खरं सांगते, त्या बघण्यानं मला बरं वाटलं. तेवढ्यात कमलाक्का म्हणाली, "दमली असंल वो ती. सुमे, बस जरा, पाणी पी." झालं. परत सगळे तिच्याकडं बघायला लागले, की पोरगी किती मायाळू.

आजही मुलगा कधी मला मॉलमधल्या थिएटरात घेऊन जातो. सिनेमाच्या आधी कुठल्या ना कुठल्या योजनेतल्या बायका हसताना दिसतात, स्वच्छ साड्या, मागं रंगवलेली भिंत. नातवंडं पॉपकॉर्न खातात. मी त्या बायकांच्या डोळ्यांतला चमकता ठिपका बघते आणि मनात म्हणते, बाजूला कोण उभी आहे गं तुझ्या?

काही महिन्यांनी ते रीळ लागलं. गल्लीत कुणीतरी धावत येऊन सांगितलं आणि त्याच दुपारी आम्ही सगळ्या टॉकीजात. न्यूज बघायला म्हणून गेलेल्या सोलापुरातल्या आम्हीच पहिल्या असू. आधी कुठलंतरी धरण झालं, कुणीतरी फीत कापली, आणि मग भिंतीएवढी कमलाक्का. तिच्या डोळ्यांत, गालावर, कपाळावर ऊन. इतकं सुंदर माणूस मी तोवर बघितलं नव्हतं आणि ते आमच्या घरातलं होतं. आता कोपऱ्यात माझा हात दिसेल, फळीची कड दिसेल, निदान सावली, म्हणून मी पडद्याच्या कडा डोळ्यांनी चाचपत होते. काही नव्हतं. आणि त्याच वेळी तो न्यूजवाला भरदार आवाज हिंदीत सांगत होता, की सोलापूरची ही सुखी माता, दोन लेकरांनंतर हिनं आणि हिच्या पतीनं विचार केला, आणि ही स्वतः होऊन शिबिरात गेली, ऑपरेशन करून आली.

बाप्यांच्या बाजूनं शिट्टी आली. "काय बे अंबादास, आमाला न सांगता दुसरं केलास व्हय!" सगळं टॉकीज हसलं. मी कमलाक्काकडं वळून बघितलं. तिनं पदर डोक्यावरून खाली तोंडापर्यंत ओढला होता. शूटिंगवाल्यांनी सांगितलं होतं, घर दाखवू, काम दाखवू. हे कुणी सांगितलं नव्हतं. पडद्यावर तिचं तोंड होतं तेवढा वेळ ती पदरात होती. त्या खेळात पडद्यावरची कमलाक्का न बघितलेली ती एकटीच.

कुर्डुवाडीलाही टॉकीज होतंच. आठवडाभरात मुलाकडची माणसं आली, मुलाचे वडील आणि मुलाची आत्या. वडील गप्प, आत्याच बोलणारी. मावशीनं चहा टाकला. आत्यानं कपाला हात लावला नाही. "आमी भांडाया न्हाय आलो. फकस्त इचाराया आलोय. आमची ठरल्याली सून दोन लेकरांची आई हाय म्हणं. आन वर आप्रेशन झाल्याली. आमच्या घराला पुढं लेकरू नगं का?"

"अवो, ते शूटिंग हाय! लगीनच न्हाय झालं पोरीचं. पोतीला वाट्या बी नव्हत्या, देवाशपथ!"

"एवढ्या लांबून वाट्या कोण बघतंय बाई? सरकारच्या शिनमात आलंय. म्हंजे सरकार खोटं दावतंय व्हय?"

दारात अर्धी गल्ली जमली होती. अंबादास होता, इंदूबाई होती. सगळ्यांना खरं माहीत होतं, आणि "व्हय" म्हणायला एकाचीही जीभ उचलेना. काकांचा एक दोस्त सभेत सरकारविरुद्ध बोलला म्हणून पोलिसांनी नेला होता, तो अजून परत आला नव्हता. काका छपराकडे बघत राहिले. अंबादास पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होता. मागच्या खोलीच्या दारात कमलाक्का उभी, हात पिठानं भरलेले, आणि तिचं लग्न असं समोर बसून उठायच्या बेतात.

मी बोलले ते तिच्यासाठी बोलले असं कुणी समजू नये. ती तशी उभी होती तरी आत्या पुन्हा पुन्हा म्हणत होती, "काय तेज हो पोरीच्या तोंडावर, पडद्यावर बघून आमीच भुललो." ते ऐकून माझं डोकं फिरलं.

"व्हय, खोटं हाय!" मी ओरडले. "समदं खोटं हाय! नवरा शिंपीणबाईचा, लेकरं इंदूमावशीची, मशीन त्या अंबादासचं! आन तिच्या तोंडावरचं तेज बी तिचं न्हवं! ते ऊन म्या पाडलंय, दुपारभर फळी धरून! माझं हात गळून गेलं, आन सरकारनं मला दावलं बी न्हाय!"

कुणी हसायच्या आधी आत्या हसली. तिला ते पटलं, कारण एवढ्या रागानं कुणी रचून बोलत नाही. तिनं माझ्याकडं बघून मान हलवली, "लई जळतीस की गं हिच्यावर," आणि गार झालेला चहा उचलून प्याली. लग्न राहिलं. मावशीनं मला पोटाशी धरलं, आणि पहिल्यांदाच तिची नजर नुसती माझ्याकडं होती.

ते एका रात्रीपुरतंच टिकलं. दारात जमलेल्यांपैकी कुणीतरी हे साहेबांपर्यंत पोचवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी हवालदार आला. दाराबाहेर चपला काढून, अगदी पाहुण्यासारखा. "या घरातली पोरगी सरकारचा शिनमा खोटा हाय म्हणाली. कोण ती?"

मी मागच्या खोलीत कात्री धरून बसले होते. माझ्या हातातलं पान कातरायचं थांबलं. आणि कमलाक्का, केस धुऊन टॉवेल बांधलेली, पुढं आली. "मी म्हणाले." एवढंच. जशी नळावर कुणाची घागर आहे म्हणून विचारलं तर सांगावं, तशी. तिनं माझ्याकडं वळूनसुद्धा बघितलं नाही, बघितलं असतं तर हवालदारानं ओळखलं असतं. टॉवेल सोडून दोरीवर टाकला, ओल्या केसांचा अंबाडा घातला आणि निघाली. काका तिच्यामागं चपला घालायला विसरून धावले.

चौकीत काय झालं ते तिनं कधीच सांगितलं नाही. काकांनी सांगितलं तेवढंच. साहेबांनी विचारलं, शिनमा खरा का खोटा? ती म्हणाली, "खरा हाय की. मीच हाय की त्यात." मग दिवसभर बाकावर बसवून ठेवलं, हात जोडून माफी मागायला लावली आणि दिवेलागणीला सोडलं. ती घरी आली तेव्हा अख्खी गल्ली आमच्या दारात. कुणी दूध आणलं, कुणी तिच्या पायावर पाणी घातलं, शिंपीणबाईनं तिच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. मी भिंतीला टेकून उभी होते. मला रडू येत होतं, आपल्यावरचं तिच्यावर गेलं म्हणून तिचे पाय धरावेसे वाटत होते. आणि त्याच वेळी, खालून, माझ्या मनात येत होतं, की माझं आयुष्यातलं एकच धाडसाचं वाक्य, तेही हिच्या नावावर गेलं.

कुर्डुवाडीहून निरोप आला. सिनेमाचं त्यांना पटलं होतं, पण पोलिसाचं नको. मुलाची नोकरी रेल्वेची, सरकारी. मुलगा स्वतः आला नाही. कमलाक्कानं तो निरोप ऐकला आणि भाकरी थापायला बसली. त्या दिवशीची एकही भाकरी फुगली नाही. मला वाटलं होतं, हिचं काहीतरी मोडलं की मला आत कुठंतरी थंड वाटेल. वाटलं नाही. नुसतं उपाशी असल्यासारखं झालं.

पुन्हा कुणी येऊन विचारलं तर, म्हणून काकांनी मला शेजारच्या तेलुगू कुटुंबाबरोबर सुरतेला लावून दिलं. त्यांचे भाऊबंद इथं मागावर कामाला होते. कमलाक्का स्टेशनवर आली, धपाटे आणि शेंगाचटणीचं पुडकं माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "सुमे, तितं कुणासंगं भांडू नगं. आन भांडलीस तर जोरात भांड." मी नीट "येते" सुद्धा म्हणाले नाही.

मग निवडणूक झाली, ते सरकार गेलं. ते रीळ एका शुक्रवारी टॉकीजातून गेलं आणि नव्या सरकारची नवी रीळं लागली. सुरतेत मी ती बघितली. धरणं नवी, फीत कापणारे नवे, सांगणारा आवाज मात्र तोच होता. कमलाक्काचं पुढं सोलापुरातच लग्न झालं, शाळेत शिपाई असलेल्या शांत माणसाशी. तिला एक मुलगी आहे, ती आईची वेणी घालते, असं कळलं. माझी सून मला कधी वेणी घालत नाही. बघा, परत सुरू झाले.

नातू म्हणतो, जुनी सरकारी रीळं आता फोनवर बघायला मिळतात. दुपारी सगळे झोपले की मी त्याच्याकडून लावून घेतलेली एकेक बघत बसते. पूर, गहू, परदेशी पाहुणे, शिबिरं, चुना मारलेल्या भिंती, हसणाऱ्या बाया. आमची गल्ली अजून आलेली नाही. मागच्या दिवाळीला फोनवर कमलाक्का म्हणाली, "सुमे, एक डोळा गेल्यात जमा हाय, दुसऱ्याचं डॉक्टर बघू म्हंतोय." मग म्हणाली, "माझं तोंड कसं दिसत हुतं गं त्यात? कुणी सांगितलंच न्हाय कधी. समदे नुसते हसले." मी सांगू शकले नाही. शब्द जिभेवर आले आणि जुना हेवा आडवा आला.

अक्का, ते रीळ जिथं कुठं पडलं असेल तिथून मी शोधून काढीन. तुझा दुसरा डोळा जायच्या आत सोलापूरला येईन आणि तुझ्या शेजारी बसून ते तुला दाखवीन. आणि तोवर सापडलं नाही, तर तू कशी दिसत होतीस ते माझ्या तोंडानं तुला सांगीन, काहीही न वगळता.